पानगृह, पाल्हाळ आणि लेखकाचे स्मरण : बोहुमिल ह्राबालच्या निमित्ताने

लेखकाचे स्मरण समाज कोणत्या रूपात करतो, हा प्रश्न वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानण्याची प्रथा आहे. पुतळा, टपाल तिकीट, रस्त्याला दिलेले नाव, जन्मशताब्दीची व्याख्यानमाला ही रूपे संस्कृतीच्या इतिहासकाराकडे सोपवून समीक्षक संहितेकडे वळतो. काही लेखकांच्या बाबतीत मात्र ही वाटणी टिकत नाही. ज्या लेखकाच्या पात्रांच्या नावाने बिअर विकली जाते, त्या बिअरचा उत्सव भरतो आणि 'त्याला हे आवडले असते का' यावर त्याचे चाहते वाद घालतात, त्या लेखकाच्या बाबतीत स्मरणाचे रूप हेच त्याच्या साहित्याचे एक वाचन झालेले असते. चेक कथाकार-कादंबरीकार बोहुमिल ह्राबाल (१९१४-१९९७) हे याचे ठळक उदाहरण आहे. या सार्वजनिक वाचनात ह्राबालचे काय उरते आणि काय गळते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्राबाल आणि बिअर यांचा संबंध कोणा जाहिरातदाराने जुळवलेला नाही. त्याचा जन्म ब्रनो येथे झाला आणि १९१९ मध्ये त्याचे कुटुंब एल्बे नदीकाठच्या नींबुर्क या गावी आले. सावत्र वडील तेथील बिअरच्या कारखान्यात प्रथम हिशेबनीस आणि पुढे व्यवस्थापक होते. कुटुंबाचा मुक्काम कारखान्याच्या आवारातच असे. याच घरी काका पेपिन दोन आठवड्यांचा पाहुणा म्हणून आला आणि कायमचा राहिला. पुढे प्रागमध्ये हुसोवा रस्त्यावरील 'सोनेरी वाघ' या पानगृहातील ह्राबालचे टेबल इतके प्रसिद्ध झाले, की ११ जानेवारी १९९४ रोजी अध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना त्याच्या भेटीसाठी तेथेच नेले. त्याच्या शवपेटीवरही, त्याच्या इच्छेनुसार, पोल्ना येथील बिअरच्या कारखान्याचे नाव कोरलेले होते. त्याच्या आईची आणि सावत्र वडिलांची भेट तेथे झाली होती.

नींबुर्कच्या कारखान्याची बिअर आज 'पोस्त्रिझिन्स्के' या नावाने ओळखली जाते. हे नाव ह्राबालच्या 'पोस्त्रिझिनी' (केस कापण्याचा विधी) या कादंबरिकेवरून घेतलेले आहे. तिच्यातील सावत्र वडिलांचे नाव एका बिअरला, काका पेपिनचे दुसरीला, आणि 'न्येझ्नी बार्बार' (हळुवार रानटी) या दुसऱ्याच एका पुस्तकाचे नाव तिसरीला दिलेले आहे. या बिअरच्या नावाने गावात उत्सवही भरतो. ह्राबालचे उन्हाळी घर ज्या केर्स्कोच्या जंगलात होते तेथे 'ह्राबालचे केर्स्को' नावाचा मेळावा मे महिन्यात भरत आला आहे. या प्रथेला चेक साहित्यात पूर्वपरंपरा आहे. यारोस्लाव्ह हाशेकच्या श्वेइकची कथा जेथे सुरू होते ते 'उ कालिखा' हे प्रागमधील पानगृह कधीच पर्यटकांचे तीर्थस्थान झाले आहे. थोडक्यात, पिणारा लेखक आणि पिणारा वाचक यांची गाठ घालून देणारी एक संस्थाच तेथे रूढ आहे.

अशा उत्सवांविषयी चाहत्यांत जी चर्चा होते तिच्यात साधारणतः दोन पक्ष संभवतात. एक पक्ष म्हणतो, की लेखकाला पेल्यात बुडवणे ही त्याची विटंबना आहे. कादंबऱ्या न वाचलेली गर्दी त्याच्या नावाने पिते आणि त्याला विदूषक करून सोडते. दुसरा पक्ष म्हणतो, की ह्राबालला सभागृहातील गंभीर व्याख्यानांपेक्षा हेच आवडले असते; तो लोकांचा लेखक होता आणि लोक जेथे जमतात तेथेच त्याचे स्मरण व्हावे. वरकरणी हे पक्ष परस्परविरोधी आहेत. दोघांचे गृहीतक मात्र एकच आहे. दोघेही साहित्यकृतीच्या बाजूने बोलण्याऐवजी मृत लेखकाच्या संभाव्य आवडीनिवडीच्या बाजूने बोलतात. रोलाँ बार्थने 'लेखकाचा मृत्यू' १९६७ मध्ये घोषित केला; उत्सवाच्या मांडवात तोच लेखक पेला हातात घेऊन पुन्हा उभा राहतो आणि अर्थनिर्णयाचा अधिकार परत मागतो. याच वादातील एक गंमत अशी, की 'सोनेरी वाघ' हे पानगृह प्रसिद्ध आहे ते पिल्झेनच्या बिअरसाठी. तेव्हा लेखकाची आवड हाच निकष मानला, तर नींबुर्कच्या बाटलीची बाजू तेथेच लंगडी पडते. आवडीचा निकष बाजूला ठेवून, ह्राबालच्या कथनात बिअरचे कार्य काय आहे, हाच प्रश्न विचारणे त्यामुळे अधिक फलदायी ठरते.

ह्राबालच्या कथनरीतीचे नाव त्यानेच घडवलेल्या एका शब्दात आहे : 'पाबेनी'. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहाचे शीर्षकच 'पाबितेले', म्हणजे पाबेनी करणारे लोक, असे आहे. मराठीत या शब्दाला सर्वांत जवळचा शब्द 'पाल्हाळ' हा होय. मात्र मराठी समीक्षेने पाल्हाळ हा नेहमीच दोष मानलेला आहे. ह्राबालच्या ठायी तो रचनेचे तत्त्व बनतो. पाबितेल हा असा माणूस, की ज्याचे बोलणे त्याच्या अनुभवाच्या पुढे धावते. तो अतिशयोक्ती करतो, विषयांतर करतो, एका मृत्यूच्या वार्तेतून एका लग्नाच्या जेवणावर येतो, आणि या अनावर बोलण्यातून दारिद्र्य, युद्ध, अपघात यांनी भरलेले जगणे त्याला सोसण्याजोगे होते. त्याच वर्षीच्या 'प्रौढ आणि पुढे गेलेल्यांसाठी नृत्याचे धडे' या पुस्तकात एका वृद्धाचे बोलणे एकाच वाक्यात चालते आणि ते वाक्य शेवटपर्यंत पूर्ण होत नाही. या बोलण्याचे मूळ काका पेपिनच्या तोंडच्या कहाण्यांत आहे.

पाल्हाळाला ऐकणारा लागतो. ह्राबाल स्वतःला लेखकापेक्षा नोंद करणारा म्हणवून घेत असे. या आत्मवर्णनात विनयाचा भाग किती, हा प्रश्न वेगळा. पण त्याच्या निवेदनाची संरचना या भूमिकेला पुष्टी देते. निवेदक स्वतः बोलतो तेव्हाही तो दुसऱ्या कोणाचे तरी बोलणे पुढे चालवत असतो. पोलाद कारखान्यातील कामगार, रेल्वेचे कर्मचारी, रद्दी गोळा करणाऱ्या स्त्रिया यांचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि त्यांतील कोणत्याही आवाजाला दुसऱ्यावर हुकमत गाजवता येत नाही. मिखाईल बाख्तीनच्या परिभाषेत ही बहुस्वरता आहे. तिला लागणारी जागा म्हणजे पानगृह. तेथे वकील आणि हमाल एकाच टेबलाशी बसतात, बोलण्याचा क्रम ठरलेला नसतो, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरच्याचे ऐकून घ्यावे असा अलिखित संकेत असतो. बिअर ही या व्यवस्थेतील कालमापनाची साधी रीत आहे. नशा हा तिचा केवळ एक परिणाम होय.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजून घेताना भाषेचाच एक अडथळा येतो. 'गुत्ता', 'अड्डा', 'बार', 'परमिट रूम' यांपैकी एकही शब्द नैतिक निवाड्यापासून किंवा सरकारी परवान्यापासून मुक्त नाही. शेवटचा तर मुंबई मद्यनिषेध कायद्याच्या (१९४९) व्यवस्थेतूनच भाषेत आला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकात मद्यपींचे आर्यमदिरामंडळ अखंड बोलते. परंतु त्या बोलण्याचा विनोद सुधाकर आणि सिंधू यांच्या शोकांतिकेच्या सेवेला जुंपलेला आहे. पिण्याने सुटलेली वाणी आपल्या परंपरेत अधःपाताची खूण म्हणूनच ऐकली जाते. ह्राबालच्या पानगृहाला हा मापदंड लावता येत नाही. 'पानगृह' हा थोडासा कृत्रिम शब्द येथे योजला आहे, तो यासाठीच.

पिणे आणि वाचणे यांचा संबंध ह्राबालने सर्वांत स्पष्टपणे मांडला तो 'अति गोंगाटी एकांत' या कादंबरीत. १९५४ ते १९५८ या काळात तो स्वतः प्रागमध्ये रद्दी दाबण्याच्या कामावर होता. कादंबरीचा नायक हान्त्या पस्तीस वर्षे एका तळघरात टाकाऊ कागद आणि बंदी घातलेली पुस्तके यंत्राखाली दाबून त्यांचे गठ्ठे बांधतो. त्यातली काही पुस्तके तो वाचवतो, घरी नेतो आणि वाचतो. दिवसभर तो बिअरचे माठ रिकामे करत असतो. पण मद्यपींचा त्याला तिटकारा आहे. तो पितो ते वाचलेल्या मजकुरात अधिक खोल शिरता यावे म्हणून. कादंबरीच्या उत्तरार्धात हान्त्या बुब्नी येथील प्रचंड यांत्रिक दाबयंत्र पाहावयास जातो. तेथील तरुण कामगार स्वच्छ गणवेश आणि हातमोजे घालून काम करतात, न उघडलेली पुस्तके थेट यंत्राखाली लोटतात, सुटीत ग्रीसला जाण्याचे बेत करतात आणि दूध पितात. हान्त्याला भेदरवून टाकतो तो हा दुधाचा घोट. ते कामगार दुष्ट नाहीत. त्यांच्या हातून जाणाऱ्या वस्तूंत मजकूर आहे, हेच त्यांच्या गावी नाही.

दूध आणि बिअर यांच्या या विरोधात कादंबरीचे मूल्यसूत्र सामावलेले आहे. बिअर म्हणजे रेंगाळणे, मध्येच थांबणे, पान उलटून पाहणे. दूध म्हणजे अखंड आणि निर्लेप कार्यक्षमता. हे सूत्र लेखकाच्या नावाने भरणाऱ्या उत्सवाला लावले, की चाहत्यांच्या वादाचे स्वरूपच बदलते. मग उत्सवात बिअर पितात की नाही, किती पितात, कोणती पितात, हे प्रश्न गौण ठरतात. तेथे मजकुराचे काय होते, एवढाच प्रश्न उरतो. ज्या मांडवात पुस्तकाचे नाव फलकावर असते आणि पुस्तक कोणी उघडत नाही, तो मांडव पेल्यांनी भरलेला असला तरी हान्त्याच्या दृष्टीने बुब्नीच होय. तेथे दुधाच्या जागी बिअर आली आहे; यंत्र तेच आहे.

'न्येझ्नी बार्बार' या नावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे पुस्तक ह्राबालने आपला मित्र, चित्रकार व्लादिमीर बोउद्नीक याच्या आठवणीत लिहिले. बोउद्नीक १९६८ च्या डिसेंबरमध्ये गळफासाने मरण पावला. पुस्तक प्रथम हस्तलिखित प्रतींच्या गुप्त वितरणातून वाचकांपर्यंत गेले आणि देशात अधिकृतपणे छापले गेले ते राजवट कोसळल्यानंतर. पुस्तकात बिअर आहे, विपुल आहे. तीन मित्रांची भटकंती तिच्याशिवाय कल्पिताच येत नाही. म्हणून हे नाव बाटलीवर येणे हा निव्वळ अपलाप आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही बार्थने आधुनिक मिथकाचे जे वर्णन केले त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. मिथक चिन्हाला खोटे ठरवत नाही. ते त्याचा इतिहास काढून घेते आणि रिकाम्या रूपात नवा अर्थ भरते. 'हळुवार रानटी' हे शब्द उरतात, मित्राचा मृत्यू आणि पुस्तकाचे भूमिगत आयुष्य मात्र गळून जाते.

या इतिहासाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे, आणि उत्सवात तिला जागा मिळणे त्याहून अवघड. १९६८ नंतर ह्राबालवर बंदी आली. १९७० मध्ये छापून तयार झालेली त्याची दोन पुस्तके रद्दीत गेली. १९७५ मध्ये 'त्वोर्बा' या साप्ताहिकात राजवटीला अनुकूल अशी त्याची मुलाखत आली, आणि त्यानंतर त्याची काही पुस्तके, संपादनाची कात्री लागून, पुन्हा छापली जाऊ लागली. ज्या तरुणांना तो आपला वाटत होता त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी प्रागच्या कांपा बेटावर त्याची पुस्तके जाळली. अधिकृत प्रकाशनाची वाट पुन्हा मोकळी झाल्यावर छापल्या गेलेल्या पुस्तकांत 'पोस्त्रिझिनी' (१९७६) होती. यिर्झी मेन्झेलने तिच्यावर केलेला चित्रपट १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. 'अति गोंगाटी एकांत' मात्र १९८९ पर्यंत देशात अधिकृतपणे छापली जाऊ शकली नाही.

येथे एक अस्वस्थ करणारा योगायोग दिसतो. उत्सवाने ज्या पुस्तकाचे नाव उचलले, ते राजवटीलाही चालण्याजोगे वाटलेले पुस्तक होते. कारखान्याचे आवार, लांब केसांची सुंदर आई, डुकराच्या जेवणाचा थाट, पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकातील ऊन यांचे हे जग परिनिरीक्षकाला निरुपद्रवी वाटले आणि पुढे बाजारपेठेला ते गोड वाटले. याचा अर्थ 'पोस्त्रिझिनी' ही तडजोडीची कृती आहे असा नाही. ती १९७० मध्ये, लेखक बंदीत असताना लिहिली गेली, आणि तिच्या शीर्षकातील कात्री केवळ केसांवर चालत नाही. नव्या काळाच्या नावाने घोड्यांच्या शेपट्या, खुर्च्यांचे पाय, कुत्र्याची शेपूट असे जे जे हाती येईल ते ते छाटले जाते, आणि शेपूट तोडलेल्या कुत्र्याच्या वेदनेपाशी पुस्तकातील विनोद काळवंडतो. काटछाट करणाऱ्या युगाचे हे रूपक आहे. ते परिनिरीक्षकाने पाहिले नाही. उत्सवालाही ते पाहण्याचे कारण पडत नाही. दोन अगदी भिन्न सत्तांनी एकाच कृतीचे एकसारखेच अपुरे वाचन केले, ही गोष्ट समीक्षेने नोंदवून ठेवावी अशी आहे.

पानगृह हे मुक्त संवादाचे स्थान होते, या विधानालाही येथे मर्यादा घालावी लागते. हाशेकच्या कादंबरीत 'उ कालिखा' मध्ये पहिल्याच प्रकरणी गुप्त पोलीस बसलेला असतो, आणि माश्यांनी घाण केलेले सम्राटाचे चित्र भिंतीवरून काढले एवढ्या बोलण्यावरून मालक पालिवेत्स अटकेत जातो. म्हणजे चेक पानगृहात ऐकणारे कान दोन प्रकारचे होते : एक नोंद करणाऱ्या लेखकाचा आणि दुसरा नोंद करणाऱ्या हेराचा. ह्राबालने १९९० मधील 'संपूर्ण भीती' या लेखनात राजवटीच्या काळातील आपल्या भीतीची कबुली दिली. पाल्हाळ हा त्या भीतीवरचा उपाय होता आणि तिच्यापासून लपण्याची जागाही होती. उत्सवातील निर्धास्त हास्यात ही दुहेरी नोंद ऐकू येत नाही. आणि ती ऐकू आली नाही, की ह्राबालच्या विनोदाखालचा थरकाप वाचकाला कळण्याचा मार्ग बंद होतो.

अभ्यासकाने यावरून उत्सवाकडे पाठ फिरवावी काय? तसे करणे सोपे आहे, परंतु ह्राबालच्याच साक्षीने ते चुकीचे ठरते. नींबुर्कमध्ये स्मृतिफलक लावण्याची गोष्ट निघाली तेव्हा आपल्याला फलक नको, आणि लावायचाच असेल तर तो कारखान्याच्या भिंतीवर कुत्र्यांना पाय वर करता येईल इतक्या खाली लावावा, असे त्याने सुचवले होते. फलक त्याप्रमाणे जमिनीलगत लावला गेला. या विनोदात स्मरणाचा एक सिद्धान्त आहे. स्मारक डोळ्यांच्या वर गेले, की लेखक पूजेचा विषय होतो आणि वाचनाचा राहत नाही. अभ्यासकांची चर्चासत्रे या दोषापासून मुक्त आहेत, असे त्यांनी मानण्याचे कारण नाही. न उघडलेले पुस्तक मांडवात जसे असते तसे ते उद्धरणांनी भरलेल्या शोधनिबंधातही असू शकते.

बाख्तीनने राबलेवरील आपल्या ग्रंथात (१९६५) कार्निव्हलचे जे लक्षण सांगितले ते येथे उपयोगी पडते. कार्निव्हलमध्ये रंगमंच आणि प्रेक्षक ही विभागणी नसते. सर्वजण त्यात जगतात, कोणी त्याकडे पाहत नाही. बिअरच्या उत्सवाला कार्निव्हल म्हणण्याचा मोह समीक्षकाला होतो, परंतु व्यासपीठ, विक्रीचा फलक आणि ठरलेला कार्यक्रम असला, की ही विभागणी परत येते आणि लेखक हा दाखवण्याचा पदार्थ होतो. तरीही तेथे दुसरी एक शक्यता शिल्लक असते. केर्स्कोच्या मेळाव्यात ह्राबालच्या मजकुराचे वाचन होते. झाडांखाली बसलेले लोक एखादे लांबलचक, न संपणारे वाक्य कानांनी ऐकतात, तेव्हा पाल्हाळाला त्याचा श्रोता परत मिळतो. त्या वेळी त्यांच्या हातात पेला असला तर बिघडत नाही.

लेखकाच्या नावाने भरणाऱ्या उत्सवाची योग्यता, म्हणूनच, त्यात किती प्यायले गेले यावरून ठरणार नाही आणि त्या लेखकाला ते आवडले असते काय यावरूनही ठरणार नाही. त्यात किती ऐकले गेले, हा ह्राबालच्या साहित्यातून निघणारा निकष आहे. मद्यपी लेखकाची दंतकथा सर्वत्र लोकप्रिय असते, कारण ती वाचकाला वाचनाच्या श्रमातून सुटका देते : लेखकासारखे लिहिता येत नाही, वाचण्यास वेळ नाही, पण त्याच्यासारखे पिता येते. ह्राबालच्या बाबतीत ही सुटका विशेष महाग पडते. कारण टेबलाशी बसून त्याने केले ते मुख्यतः ऐकण्याचे काम होते, आणि भोवतीचा देश भीतीने गप्प असताना केलेले ते काम त्याच्या पुस्तकांत अजून वाचकाची वाट पाहत आहे.